ओसरीवरची अमेरिका

मार्च लागला की भंडाऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी सकाळी ऑटो येऊन थांबतात. एकेका ऑटोत सात-आठ पोरं कोंबलेली, मांडीवर पॅड, खिशात दोन-दोन पेनं, आणि त्यातलं एक तरी पोर डोळे मिटून ओठ हलवत बसलेलं. मी फाटकाशी दूध घ्यायला उभी असते. शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. आता ना कुठला पेपर द्यायचा आहे, ना तपासायचा. तरी ते हलणारे ओठ पाहिले की मला एकदम ओल्या तेंदूपत्त्याचा वास येतो आणि पाठोपाठ न्यूयॉर्क शहर आठवतं.

ही जोडी ऐकून माझी सून हसते. हसू दे. तिनं न्यूयॉर्क टीव्हीवर पाहिलंय, फोनवर पाहिलंय. तिची मावसबहीण तिथून जवळच कुठंतरी राहते. मी न्यूयॉर्क पाहिलं ते सानगडीला, आमच्या घराच्या ओसरीवर, बिडी वळणाऱ्या तीन बायकांच्या मधोमध बसून. आणि आमचं न्यूयॉर्क तिच्या न्यूयॉर्कपेक्षा जास्त खरं होतं, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी बी.ए.ला बाहेरून बसले होते, प्रायव्हेट. कॉलेज साकोलीला होतं, पण रोजचं एसटीनं जाणं-येणं घरच्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून कुणाकुणाची पुस्तकं मागून आणायची, घरी वाचायची आणि परीक्षेपुरतं साकोलीला जायचं, असा आमचा कारभार. होता होता सगळे विषय सुटले आणि एक पेपर राहिला. अमेरिकेच्या इतिहासाचा. त्यातही मला बुडवलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भागानं: कुठकुठून माणसं जहाजानं आली, शहरं कशी फुगली, राजकारण कसं नासलं आणि मग लोकांनी ते सुधारायला काय काय केलं. मी गाइडमधले मुद्दे घोकले होते. शहरातल्या 'बॉस' मंडळींच्या राजकारणाचे दुष्परिणाम, एकूण सहा. पेपरात चार आठवले, पाचवा अर्धा आठवला, आणि सहाव्याच्या जागी मी लोकसंख्यावाढीचे दुष्परिणाम लिहून आले. विद्यापीठाला ते पटलं नाही.

नापास झाल्याचं दुःख होतंच, पण त्या वर्षी प्रश्न दुःखाचा नव्हता. आमच्या गावापासून सहा-सात किलोमीटरवर एका संस्थेची शाळा होती. तिथले इतिहासाचे गुरुजी उन्हाळ्यानंतर निवृत्त व्हायचे होते, आणि हेडमास्तरांनी बाबांना बाजारात गाठून सांगितलं होतं की मुलगी बी.ए. झाली तर अर्ज करू द्या, बी.एड.चं पुढं पाहू. म्हणजे हा एक पेपर सुटला तर मी वर्गात उभी राहणार होते, आणि नाही सुटला तर मायच्या शेजारी बसून बिड्या वळणार होते. बिडी वळण्यात काही कमीपणा आहे असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. पण मला शिकवायचं होतं. इतकं शिकवायचं होतं की आमच्या बैलांनाही मी एकदा प्लासीची लढाई सांगितलेली बाबांनी ऐकली आहे.

आमच्याकडे परीक्षेचे दिवस म्हणजे मोहफुलांचे दिवस. धान केव्हाच घरात आलेलं असतं, धानाच्या बांध्यांतली लाखोरीची डाळही उपटून झालेली असते, आणि उजाडायच्या वेळी बायका टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या दिसतात. दुपारपर्यंत अंगणाअंगणात फुलं वाळत पडतात. त्यांचा वास गोड असतो आणि थोडा आंबूसही. नव्या माणसाचं डोकं दुखतं, आम्हाला भूक लागते. तलावाचं पाणी काठापासून पुष्कळ आत गेलेलं असतं, आणि त्या उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा पडायला सुरुवात होते. अशा दुपारी आमच्या ओसरीची सारवलेली जमीन गार लागायची. तिथं माय, गिरजाकाकू आणि शेजारच्या घरची नवी सून सुशीला, अशा तिघी मांडीवर सूप घेऊन बसायच्या.

सुपात एका बाजूला जर्दा, एका बाजूला कापलेले पत्ते. तेंदूचा पत्ता आदल्या संध्याकाळी पाण्यातून काढून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेला असे, म्हणजे तो वळताना तडकत नाही. सकाळी पत्र्याचा फरमा ठेवून कैचीनं त्याचे तुकडे कापायचे, आणि दुपारभर वळायचं. पत्ता, चिमूटभर जर्दा, एक गिरकी, सुताचे दोन वेढे, तोंड दुमडलं की झाली बिडी. संध्याकाळी सट्टेदार यायचा. हा कंपनी आणि बायका यांच्या मधला माणूस. पत्ता-जर्दा तोच देणार, वळलेल्या बिड्या तोच नेणार. नेण्याआधी तो कट्टे, म्हणजे बिड्यांच्या जुड्या, उघडून एकेक बिडी बोटात फिरवायचा आणि पसंत न पडलेली बाजूला टाकायचा. त्याला 'छाट' म्हणत. छाट झालेल्या बिडीची मेहनत फुकट.

मी आधी आतल्या खोलीत वाचत बसायची, आणि वाचता वाचता लवंडायची. चार दिवस मायनं ते पाहिलं. पाचव्या दिवशी तिनं मला पुस्तकासकट बाहेर बोलावलं.

"मोठ्यानं वाच वो. मनातल्या मनात वाचतं त मले समजत नाही, वाचून राहिली का झोपून राहिली ते."

मायला अक्षर येत नव्हतं. गिरजाकाकूलाही नाही. सुशीला सातवी झालेली, पण लग्नानंतर पुस्तक बंद. मी मनात म्हटलं, यांना काय कळणार आहे, आपण आपलं वाचावं. असा तोरा होता तेव्हा माझा. नापास झालेल्या माणसाला तोरा कुठून येतो कोण जाणे, पण होता.

पहिल्या दिवशी जहाजं आली. इटलीतून, पोलंडातून, रशियातून. गावात पोट भरेना म्हणून निघालेली माणसं, जहाजाच्या तळाशी दाटीनं बसून आलेली, बोचक्यात एखादी गोधडी आणि देवाची तसबीर. बंदरावर उतरल्या उतरल्या डॉक्टर त्यांना तपासत, आणि ज्याच्यात खोट दिसेल त्याच्या कोटावर खडूनं खूण करत. खूण झालेल्या माणसाला बाजूला काढत, काहींना आल्या जहाजानं परत पाठवत. इथवर आल्यावर गिरजाकाकूनं दातातलं सूत तोडलं.

"म्हंजे माणसाईची बी छाट काढत होते का?"

मी पुस्तक खाली ठेवलं. त्या पानावर तपासणीच्या निकषांचे पाच मुद्दे होते आणि मला दोन वर्षांत ते धड पाठ झाले नव्हते. त्या दुपारनंतर मी ते कधी विसरले नाही.

गिरजाकाकू आमच्या नात्यातली नव्हे, दोन घरं सोडून राहणारी. नवरा वारलेला, मुलगी लाखांदूरकडे दिलेली. बोलायला फटकळ, आणि ऐकायला त्याहून. तिला प्रत्येक गोष्ट पुरती कळायला हवी असे. त्या गावांतल्या शेतांचं मग काय झालं, म्हातारी माणसं मागे राहिली की नेली, जहाजावर स्वयंपाक कोण करत होतं. मला यातलं काही ठाऊक नसायचं. मी म्हणायची, काकू, हे परीक्षेला येत नाही. ती म्हणायची, न येऊ दे, मले येऊ दे. मग मी साकोलीला गेले की कॉलेजच्या ग्रंथालयात उभ्या उभ्या एखादं जाडं पुस्तक चाळून तिच्या प्रश्नांची उत्तरं आणू लागले. अभ्यास मी करत होते असा माझा समज होता. खरं म्हणजे तो गिरजाकाकू करत होती, आणि मी तिची पुस्तकं उचलत होते.

भिलाईला कारखाना निघाला तेव्हा आमच्या भागातली कितीतरी माणसं तिकडं गेली, नागपूरच्या गिरण्यांत तर त्याआधीपासून जात. सुशीलाचा भाऊ भिलाईला होता. एका खोलीत सहा जण, पाळीपाळीनं झोपतात, असं ती सांगे. त्यामुळे न्यूयॉर्कच्या त्या पाचमजली, बिनखिडकीच्या खोल्यांच्या इमारती तिला समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. उलट तिनंच मला समजावलं की अशा ठिकाणी एका गावची माणसं एकाच मजल्यावर का गोळा होतात. भांडण आपल्या भाषेत करता येतं म्हणून, हे तिचं कारण. मी ते वहीत लिहून घेतलं.

आणि मग ती ओळ आली. गाइडमध्ये एकच ओळ होती: न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोल्यांमधून स्थलांतरित कुटुंबे घरबसल्या सिगार वळत. मी वाचून पुढं निघाले होते. सुशीलानं विचारलं, सिगार म्हणजे काय. मी म्हटलं, जाडी बिडी. वरूनही तंबाखूचंच पान.

त्या दिवशी पुढचं पान उलटलं नाही. पत्ता कोण आणून देत होतं, रोजचा का हप्त्याचा? ओला करत का? लेकरं सूत बांधत का? छाट कोण काढत होतं, मालक का त्याचा माणूस? एवढ्याशा खोलीत जर्द्याची भुकटी उडते, तान्ही पोरं खोकत असतील. पुस्तक यातलं काही सांगत नव्हतं, म्हणून त्या तिघींनी आपसांत ठरवून टाकलं. पान ओलंच करत असणार, त्याशिवाय वळलं जाणार नाही. रात्री ओल्या पोत्यात ठेवत असणार. सट्टेदार असणारच, मालक कशाला पाच मजले चढेल. पुस्तकात एक ओळ होती, आमच्या ओसरीवर तिला आठ दिवस लागले. कित्येक वर्षांनी एका मोठ्या ग्रंथात मी वाचलं की तिकडंही पान ओलं करूनच वळत. तेव्हा गिरजाकाकूला सांगायला ती नव्हती, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

मधे एकदा माय बोलली. माय फार बोलायची नाही; ती ऐकते आहे की नाही हेही कळत नसे. सुधारणावाद्यांनी प्रयत्न करून एक कायदा आणला होता, की राहत्या खोल्यांत सिगार वळायचे नाहीत. पुढं कोर्टानं तो मोडीत काढला. गाइडमध्ये हा मुद्दा 'सुधारणांच्या मार्गातील अडथळे' या मथळ्याखाली होता, आणि मी तो तशाच सुरात, कोर्टाला दोष देत वाचला. सुशीलाला उलट हायसं वाटलं. कायदा टिकला असता तर त्या बायकांनी खाल्लं काय असतं, असं तिचं म्हणणं. मी तिच्याशी वाद घालू लागले. तेव्हा मायनं हातातली बिडी सुपात ठेवली. तिच्या तरुणपणी गावात बिडीचा मोठा कारखाना होता, टिनाचं छप्पर, चाळीस बायका एकत्र बसत. पुढं कामगारांच्या सोयींचा कायदा झाला, आणि मालकानं कारखानाच बंद करून काम घराघरांत वाटून टाकलं.

"कायदा चांगलाच होता वो," माय म्हणाली. "पन तो कारखान्यावरी आला. आमच्यावरी आलाच नाही."

तिनं बिडी परत उचलली आणि मी पुढचं वाचायला लागले. पण मला तेव्हा जाणवलं होतं की आपण आज काहीतरी शिकलो, आणि ते गाइडमध्ये नाही.

आता बॉसविषयी. शहरात रोज हजारो परकी माणसं उतरत होती, त्यांना ना भाषा येत होती ना कायदा. वस्तीतला बॉस त्यांना काम लावून द्यायचा, हिवाळ्यात कोळसा पाठवायचा, पोरगा पोलिसांनी धरला तर सोडवून आणायचा, कुणी मेलं तर अंत्ययात्रेला हजर राहायचा. बदल्यात मतं घ्यायचा. त्या मतांवर शहर चालवायचा आणि शहर खायचा. नोकऱ्या आपल्या माणसांना, ठेके आपल्या माणसांना. मी सहाच्या सहा दुष्परिणाम ठणठणीत आवाजात वाचले. यावेळी मला ते पाठ होते आणि मला त्याचा अभिमान होता.

गिरजाकाकूला त्यात दोष सापडेना. तिचा नवरा एका पावसाळ्यात पोटदुखीनं गडाबडा लोळत होता, नाल्याला पूर, बैलगाडी निघेना. तेव्हा भाऊसाहेबांनी आपली जीप पाठवली आणि त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचवलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. काकूचा नवरा त्यानंतर सात वर्षं जगला. मी म्हटलं, पण काकू, जीपच्या बदल्यात ते मत घेतात.

"मत त देतोच कोनाले तरी," ती म्हणाली. "जीप कोन देते?"

मी चिडले. अगदी तणतणत उठून पाणी प्यायला गेले. तिला लोकशाही कळत नाही असं माझं म्हणणं होतं, आणि ते मी माठाला ऐकवलं. दोन दिवस मी बॉसचा विषय टाळून विजेच्या ट्राम आणि उंच इमारती वाचल्या. पण डोक्यातून ते जाईना. तिसऱ्या दिवशी मी वहीत, दुष्परिणामांच्या यादीसमोरच्या कोऱ्या पानावर, नवा मथळा घातला: लोक बॉसकडे का जात. खाली गिरजाकाकूची जीप लिहिली.

त्यानंतर आल्या सुधारणा. सरकारी नोकऱ्या ओळखीपाळखीवर न वाटता परीक्षा घेऊन द्याव्यात, असा कायदा झाला. हे मात्र सगळ्यांना आवडलं. पेपर पास झाला की नोकरी, कुणाच्या दारात जायला नको, हे मायनं मला दोनदा सांगायला लावलं. सुशीला म्हणाली, मग तुम्ही तिकडंच का नाही जात. आम्ही पुष्कळ हसलो. इतकं हसलो की बाबा परसातून काय झालं म्हणून पाहायला आले.

बाबांचा आवाज या सगळ्यात नव्हता, पण ते परसात अंबाडीचे दोर वळत बसून ऐकत असत. परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना ते ओसरीवर येऊन, बिड्या वळणाऱ्या तिघींसमोरच, खांबाला टेकून बसले. ज्या संस्थेची ती शाळा, त्या संस्थेत भाऊसाहेबांचा शब्द चालतो, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. दुसऱ्या दोन गावांतले बाप आपापल्या पोरांसाठी जाऊन आले होते. बाबांनी मला विचारलं, जाऊ का मी भाऊसाहेबाकडं? विचारताना ते माझ्याकडं पाहत नव्हते. त्यांना कुणापुढं हात पसरायची सवय नव्हती, आणि तरी ते जायला तयार झाले होते. पण महिनाभर मी ज्या गोष्टीचे सहा दुष्परिणाम मोठ्यानं वाचत होते, तीच गोष्ट स्वतःसाठी करायला मला लाज वाटली. मी नको म्हटलं. मार्कांवर मिळाली तर घेईन, नाहीतर नाही. बाबा 'बरं' म्हणाले आणि उठून गेले. त्या रात्री आणि नंतरही पुष्कळदा मला वाटलं की आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे आपल्याला निकालाच्या दिवशीच कळेल.

पेपर सकाळचा होता. पहिल्या एसटीनं गेले. प्रश्नपत्रिका पाहिली आणि मला चक्क आनंद झाला. बॉसच्या राजकारणाची कारणमीमांसा विचारली होती, आणि शहरातल्या स्थलांतरितांच्या जीवनावर टीप. मी लिहायला लागले ती थांबले नाही. पुरवण्या घेतल्या. हाताला घाम येत होता, रुमाल हाताखाली ठेवून लिहिलं. असं वाटत होतं की मी लिहीत नाहीच, तीन बायका बोलत आहेत आणि मी नुसती उतरवून घेते आहे.

परतीच्या एसटीत, खिडकीशी बसून भाजलेले शेंगदाणे खात असताना, माझ्या घशात एक शेंगदाणा अडकला. न्यूयॉर्कच्या सिगारवाल्या बायका रात्री पान ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवत, हे मी लिहिलं होतं. संध्याकाळी सट्टेदार येऊन छाट काढी, हेही लिहिलं होतं. सट्टेदार, हाच शब्द. आणि बॉस लोकप्रिय का होता, तर आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायला तो आपली... इथं मला आठवेना. मी 'गाडी' लिहिलं की 'जीप' लिहिलं? एकोणिसाव्या शतकात जीप. घरी पोचेपर्यंत मी ते वाक्य डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करत होते, आणि जितका प्रयत्न करावा तितकी ती जीप स्पष्ट दिसत होती. आजतागायत मला खात्री नाही. घरी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तेव्हा पेपर बरा गेला एवढंच म्हटलं.

निकाल जूनमध्ये लागला. वर्तमानपत्रात माझा नंबर होता. काही दिवसांनी गुणपत्रिका आली, आणि सगळ्यांत जास्त मार्क त्या पेपरला होते, मराठीपेक्षाही जास्त. मी ती ओसरीवर वाचून दाखवली. सुशीलानं विचारलं, यात आमचे किती? मी म्हटलं, निम्मे. खरं तर निम्म्याहून जास्त होते, पण तेवढं मोठं मन माझं तेव्हा नव्हतं.

शाळेत मुलाखतीला मी एकटी गेले. बाबांना येऊ दिलं नाही. हेडमास्तर होते, संस्थेची दोन माणसं होती, आणि बाजूच्या खुर्चीत भाऊसाहेब. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. गुणपत्रिका हातात घेऊन पाहिली, सानगडीची का, एवढं म्हणाले आणि परत दिली. आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. कुणाचा शब्द नाही, कुणाची चिठ्ठी नाही. मी त्या कागदाकडं किती वेळ पाहत बसले होते ते मायला विचारावं लागेल.

पुढची तीन-चार वर्षं मी अमेरिकेतल्या त्या सुधारणांचा धडा ज्या तोऱ्यात शिकवला, तसा पुन्हा कधी शिकवला नाही. नोकरी गुणांवर मिळावी, ओळखीवर नाही, हे सांगताना मी पोरांसमोर स्वतःचंच उदाहरण द्यायची. बाप जायला निघाला होता, मी जाऊ दिलं नाही. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची. मला फार बरं वाटायचं. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत ताठ मानेची होती.

मग एका वर्षी बक्षीस समारंभाला भाऊसाहेब अध्यक्ष म्हणून आले. चहाच्या वेळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि गालातल्या गालात हसत विचारलं, तुमच्या त्या काकू कशा आहेत? कुठल्या काकू, मी म्हटलं. त्यावर त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या परीक्षेच्या आधी, ऐन एप्रिलच्या उन्हात, एक बाई त्यांच्या घरी आली होती. तिनं त्यांना तासभर बसवून अमेरिका सांगितली. तिकडंही तुमच्यासारखेच होते, कोळसा देत, जीप देत, लोक त्यांना चांगलं म्हणत, पण पुढं पुस्तकात त्यांचं नाव वाईट लिहिलं गेलं. तसं तुमचं होऊ नये असं वाटत असेल तर आमच्या पोरीचे मार्क पाहून घ्या. शिवाय तिकडं एका माणसाला नोकरी मिळाली नाही म्हणून त्यानं राष्ट्राध्यक्षांनाच गोळी घातली, हेही तिनं त्यांना सांगितलं होतं. ही गोष्ट खरी आहे; मीच वाचून दाखवली होती. भाऊसाहेब खो खो हसत होते. मी हातातला कप खाली ठेवला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आमच्या घरी न जाता आधी गिरजाकाकूकडं गेले. ती अंगणात बसून पत्ते कापत होती. एप्रिलात एक दिवस ती मुलीकडं जाते म्हणून गेली होती, ते मला आता आठवलं. त्या दिवसाची तिची हजारभर बिडी बुडाली असणार. मी तिला एका दमात सगळं ऐकवलं. मी बाबांना जाऊ दिलं नव्हतं. मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले की मला माझ्या एकटीच्या मेहनतीवर नोकरी लागली. आता मी काय सांगू? भाऊसाहेबांनी शब्द टाकला म्हणून लागली, की मार्क पाहून लागली, हे मला आता कधी कळणार? बोलता बोलता मी रडायला लागले.

तिनं फरमा पत्त्यावर नीट बसवला, कैची फिरवली, तुकडा सुपात टाकला. मग माझ्याकडं पाहिलं. तिला माझं रडणं काही केल्या समजत नव्हतं.

"पेपर तू लिवला," ती म्हणाली. "शब्द मी टाकला. मंग एकटीची मेहनत कायले म्हणते वो पोरी?"